ब्रोकरची डिस्क अधूनमधून अडते: एप्रिल ते जून २०१९ च्या नोंदी

आधी मांडणी सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना अडणार नाही. सांगली जिल्ह्यातला एक दूध संघ, १८६ संकलन केंद्रं. सभासदाने दूध घातलं की वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दराची पावती निघते आणि तीच मेसेज बनून मुख्य कार्यालयातल्या ब्रोकरकडे, म्हणजे मेसेज घेऊन जपणाऱ्या आणि पुढे वाटणाऱ्या प्रोग्रामकडे येते. ब्रोकर अ‍ॅक्टिव्हएमक्यू ५.१५, साठवण काहाडीबी: आलेले मेसेज तो जर्नलच्या फाइलींत ओळीने लिहितो आणि काय कुठे आहे ते इंडेक्समध्ये. आलेल्या प्रत्येक पावतीची प्रत तीन रांगांत जाते: हिशेब, एसएमएस, वाहतूक. सकाळी साधारण १४,००० पावत्या, संध्याकाळी ११,०००, ऐन गर्दीत सेकंदाला आठ. म्हणजे ओझं काहीच नाही.

सर्व्हर २०१४ चा. ७२०० आरपीएमच्या चार डिस्क, रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा राहील अशी जोडणी), डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर ५१२ एमबी कॅश (तात्पुरती मेमरी) आणि तिला बॅटरी. सेंटओएस ७ (लिनक्स), ईएक्सटी४ फाइलसिस्टिम, ३२ जीबी रॅम. सगळं एकाच पार्टिशनवर. हा निर्णय माझाच, २०१४ सालचा.

३ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी ७.२० ला हिशेब विभागाचा फोन. "पावत्या अर्धा तास मागं हायेत." घरी पोचून बघेपर्यंत पावणेआठ झाले आणि रांगा रिकाम्या. सीपीयू निवांत, मेमरी निवांत. गेल्या आठवड्यातही दोनदा असं झालं होतं म्हणे, पण आपोआप सुटलं म्हणून कुणी सांगितलं नाही.

ब्रोकरच्या लॉगमध्ये एक अक्षर नाही. काहाडीबीला डिस्क हळू लागली तर तो तसं लिहून ठेवतो, पण त्याची मर्यादा मुळात शून्य असते आणि शून्य म्हणजे बंद. जावाच्या सुरुवातीच्या पर्यायांत 'लॉग स्लो अ‍ॅक्सेस टाइम' ५०० मिलिसेकंद केला आणि रात्री १० ला रीस्टार्ट केलं. दहा मिनिटांचं काम.

४ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी ६.४० ते ८ मध्ये ६३ ओळी आल्या. जर्नलमध्ये भर घालायला ० ते ९० मिलिसेकंद, पण इंडेक्स अद्ययावत करायला ६०० पासून ८,९०० पर्यंत. जवळजवळ नऊ सेकंद! तेवढा वेळ इंडेक्सचं कुलूप कुणालाच मिळत नाही, केंद्रं पोचपावतीची वाट बघत बसतात.

नेहमीची तपासणी केली. स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो) चारही डिस्कचा स्वच्छ. रेड 'ऑप्टिमल'. कंट्रोलरची कॅश 'राइटबॅक', म्हणजे चालू. तिन्हींपुढे वहीत बरोबरची खूण केली. यातली तिसरी खूण चुकीची होती आणि तिने माझे वीस दिवस खाल्ले.

५ एप्रिल, शुक्रवार

जावाचा हीप (ब्रोकरला मिळणारी मेमरी) १ जीबी होता, तो ४ केला. संध्याकाळ एकदम सुरळीत, एकही ओळ नाही. साहेबांना फोन करून सांगितलं की झालं काम.

६ एप्रिल, शनिवार, गुढीपाडवा

नाही झालं. ६.५० पासून पुन्हा तेच, आणि ७.१५ नंतर तर फारच. मग जीसीचा, म्हणजे हीप साफ करायला जावा थांबते त्याचा, लॉग उघडला, जो हीप वाढवण्याआधी उघडायला हवा होता. आठवडाभरातला सगळ्यात मोठा थांबा १४० मिलिसेकंदांचा. हीपचा काही संबंधच नव्हता. कालची संध्याकाळ चांगली गेली ती आपल्याआप.

७ एप्रिल, रविवार

आजची चूक मोठी आहे, सविस्तर लिहितो.

इंडेक्सच हळू आहे तर इंडेक्सच बिघडला असेल, असं डोक्यात बसलं. काहाडीबीची 'डीबी डॉट डेटा' ही फाइल काढली तर ब्रोकर सुरू होताना जर्नलच्या फाइली वाचून ती नव्याने बांधतो. हे खरं आहे, आणि डेटा जातही नाही. मी दुपारी ४.४० ला ब्रोकर बंद केला, फाइल बाजूला ठेवली आणि सुरू केला. पाच मिनिटं लागतील असा अंदाज होता.

६.०२ ला ब्रोकर उठला. एक तास बावीस मिनिटं. पाचपासून केंद्रं सुरू झालेली, ४० फोन येऊन गेले. केंद्रांवरच्या यंत्रात दिवसभराच्या पावत्या साठलेल्या असतात आणि जोडणी आली की ती पुन्हा पाठवतात, म्हणून हरवलं काही नाही. एसएमएस मात्र लोकांना रात्री नऊला गेले. दूध घालून घरी पोचलेल्या माणसाला रात्री नऊला फॅट कळला की तो आधी केंद्रावाल्याला धरतो.

इतका वेळ का लागला? जर्नलच्या फाइली मोजल्या: ४१२. प्रत्येकी ३२ एमबी, म्हणजे १३ जीबीच्या वर. रांगा तर रोज रिकाम्या होतात. मग एवढ्या फाइली कशाला राहिल्या?

इंडेक्स पुसायचा असेल तर आधी जर्नलच्या फाइली मोजा. मी नंतर मोजल्या.

८ आणि ९ एप्रिल

काहाडीबीचा नियम असा: एका जर्नल फाइलमध्ये एक जरी मेसेज कुणी न उचललेला असला, तरी ती अख्खी ३२ एमबीची फाइल राहते. कोण अडवून बसलंय ते शोधायला 'मेसेजडेटाबेस' या क्लासचं लॉगिंग ट्रेसवर (सगळ्यात तपशीलवार) टाकलं. दर ३० सेकंदांच्या सफाईत तो कोणत्या रांगेनंतर किती फाइली काढण्याजोग्या उरल्या ते ओळीओळीने छापतो. ज्या रांगेपाशी आकडा धाडकन उतरतो, ती दोषी.

दोन सापडल्या. डेड लेटर रांगेत (न पोचलेले मेसेज पडतात ती) गेल्या ऑक्टोबरपासूनचे २३,००० मेसेज. एसएमएस पुरवठादाराने तेव्हा मोबाइल क्रमांकाचा साचा बदलला होता, त्या दिवसांतले न गेलेले. तिथे पडलेल्या मेसेजला मुळात मुदत नसते, तो कल्पांतापर्यंत राहतो. दुसरं, एका चाचणी स्क्रीनची टिकाऊ सदस्यता. स्क्रीन २०१७ मध्येच भंगारात गेली, सदस्यता चालूच. तिच्यासाठी ब्रोकर इमानेइतबारे सगळं जपून ठेवत होता.

सदस्यता काढली. डेड लेटर रांगेतलं एका फाइलमध्ये उतरवून घेतलं आणि रांग रिकामी केली. अर्ध्या तासात ४१२ वरून १९ फाइली. सफाईला वेळ लागतो अशा ज्या ओळी मधूनमधून दिसायच्या त्या बंद झाल्या. इंडेक्सच्या ओळी मात्र ९ च्या संध्याकाळीही होत्या.

मूळ रोग हा नव्हता, पण ही सफाई करायला हवीच होती. आज इंडेक्स पुन्हा बांधायची वेळ आली तर चार मिनिटांत होईल.

अ‍ॅक्टिव्हएमक्यूबरोबर डिस्क मोजायचं एक छोटं साधन मिळतं, 'डिस्कबेंचमार्क'. ते ९ च्या रात्री ११ ला चालवलं. सिंक लिखाणं (डिस्कवर उतरल्याची खात्री होईपर्यंत थांबणारी) सेकंदाला दीड हजाराच्या वर. डिस्क झकास, असं वहीत लिहिलं. दुखणं संध्याकाळचं आणि नाडी बघितली रात्री अकराला.

१२ एप्रिल, शुक्रवार

तीन दिवस काही सुचलं नाही. इंडेक्स कॅश १०,००० पानांवरून ५०,००० केली. फरक शून्य. वाचण्याचा प्रश्न नव्हताच, लिहिण्याचा होता.

शेवटी साहेबांचा तगादा वाढला आणि मी सोपा रस्ता धरला. जर्नलच्या सिंकचं धोरण 'नेहमी' होतं ते 'कधीच नाही' केलं. ब्रोकर वाऱ्यासारखा पळायला लागला. संध्याकाळी एक ओळ नाही. सगळे खूश.

१५ एप्रिल, सोमवार

दुपारी वादळी वाऱ्याने वीज गेली, यूपीएसवर गेलो, आली. संध्याकाळी ६.१० ला पुन्हा गेली आणि या वेळी यूपीएसने दीड मिनिटात मान टाकली. सर्व्हर धाडकन बंद.

सिंक बंद असलं की ब्रोकर 'मिळालं' म्हणतो तेव्हा मेसेज फक्त लिनक्सच्या मेमरीत असतो. कर्नल तो आपल्या सवडीने डिस्कवर उतरवतो. घाण पान (मेमरीत बदललेलं पण डिस्कवर न उतरलेलं) जुनं समजायची मुदत मुळात ३० सेकंदांची असते. तेवढ्या काळातल्या पावत्या गेल्या: ३७. केंद्रांच्या यंत्रांना पोच मिळालेली, त्यामुळे ती आपणहून पुन्हा पाठवणार नाहीत. हिशेबवाल्या मॅडमनी आणि मी रात्री दीडपर्यंत केंद्रांच्या बेरजा आणि आपल्या बेरजा लावून ३७ पावत्या शोधल्या, केंद्रांना फोन करून हाताने पाठवायला लावल्या.

कुणाचं दूध ४ लिटर, कुणाचं साडेसहा. ३७ घरांचा त्या वेळचा पैसा होता तो. सिंक त्याच रात्री पुन्हा 'नेहमी'वर. 'ठराविक काळाने' असाही एक पर्याय असतो, एका सेकंदाचा. तोही घेतला नाही.

यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या, १४,२०० रुपये. हा खर्च या प्रकरणात धरू की नको, अजून ठरत नाही.

१८ एप्रिल, गुरुवार

आतापर्यंत मी ब्रोकरकडून डिस्ककडे बघत होतो. आज उलटं केलं. सार या मोजणीच्या साधनाच्या जुन्या नोंदी काढल्या, पण त्या दर १० मिनिटांच्या सरासरीच्या. आठ सेकंदांचा अडथळा त्यात विरघळून जातो. म्हणून काल आणि परवा संध्याकाळी आयओस्टॅट (डिस्कची वर्दळ मोजणारं साधन) एका सेकंदाच्या अंतराने लावून ठेवला होता.

बुधवारच्या नोंदीत ७.१५ ते ७.३५ लिखाणाची भिंत उभी. मंगळवारी नाही. सोमवार, बुधवार आणि शनिवारी ७.१५ ला डेटाबेसची निर्यात सुटते आणि तिथेच जीझिप होते, म्हणजे दाबून लहान केली जाते. वर्षभरापूर्वी कुणाला तरी आठच्या आत प्रत हवी होती म्हणून ती वेळ मीच लावलेली. आता ती प्रत कुणी नेतही नाही.

कसं अडतं ते थोडक्यात. जीझिप लिहीत सुटतो, लिनक्स ते मेमरीत साठवतो. मागून उतरवायला सुरुवात करायची पातळी मेमरीच्या १० टक्क्यांवर असते, म्हणजे इथे तीन जीबीच्या आसपास. मग ते सगळं एकदम ओतलं जातं, कंट्रोलरची ५१२ एमबी कॅश भरते आणि ब्रोकरचं चार केबीचं सिंक त्या लोंढ्याच्या मागे उभं राहतं.

निर्यात रात्री ११.३० ला नेली. मागून उतरवायची पातळी टक्क्यांऐवजी ६४ एमबी ठरवून दिली. ७.१५ ची भिंत गेली, कायमची.

पण मंगळवारी, निर्यात नसताना, ६.४५ पासून ज्या ओळी होत्या त्यांचं काय? ताप एक आणि आजार दोन, असा प्रकार. एक गेला म्हणून दुसरा नीट दिसायला लागला.

२० एप्रिल, शनिवार

एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. दर मिनिटाला डीडी या लिनक्सच्या आज्ञेने चार केबीची २० सिंक लिखाणं करायची आणि सरासरी वेळ तारीखवेळेसकट एका फाइलमध्ये टाकायचा. सात ओळींची स्क्रिप्ट, पंधरा मिनिटांचं काम. या पूर्ण नोंदवहीतलं सगळ्यात उपयोगी काम हेच, आणि ते अठराव्या दिवशी सुचलं.

२२ एप्रिल, सोमवार

दोन दिवसांची फाइल बघितली. एक लिखाण एरवी अर्ध्या मिलिसेकंदात. शनिवारी संध्याकाळी ६.५२ ला एका मिनिटात ते ०.५ वरून ४८ वर गेलं. हळूहळू चढलं नाही, पायरी चढावी तसं. रात्री १०.०५ ला पुन्हा ०.५. रविवार पूर्ण शांत.

गर्दीमुळे हळू होणारी गोष्ट अशी पायरीने होत नाही. कुणीतरी बटण दाबल्यासारखं होतं हे.

२३ एप्रिल, मंगळवार

आज लोकसभेचं मतदान. कार्यालयाला सुट्टी, म्हशींना नाही. सकाळचं संकलन बिनबोभाट. मत देऊन, जेवून, दुपारी घरून फाइल बघितली तर १.१२ ला पायरी चढलेली. ५१ मिलिसेकंद.

दुपारी सव्वाला एकही केंद्र उघडं नसतं. रांगा रिकाम्या, निर्यात नाही, कार्यालयात चिटपाखरू नाही. ब्रोकर झोपलेला आणि डिस्क तरी शंभरपट हळू. म्हणजे ब्रोकर, काहाडीबी, इंडेक्स, जीझिप, सगळे सुटले. उरलं ते ईएक्सटी४ च्या खाली.

२४ एप्रिल, बुधवार

कंट्रोलरचं साधन, मेगासीएलआय, पुन्हा चालवलं आणि या वेळी सगळं वाचलं. कॅश धोरणाच्या दोन ओळी असतात. वरची 'डिफॉल्ट', खालची 'करंट'. वरची म्हणते काय ठरवलंय, खालची म्हणते आत्ता काय चाललंय. ४ एप्रिलला मी वरची वाचून खूण केली होती. तीत पुढे असंही लिहिलेलं: बॅटरी खराब असेल तर राइट कॅश नाही.

आत्ता दोन्हींत 'राइटबॅक' होतं. म्हणून कंट्रोलरचा घटनांचा लॉग उतरवला. त्यात कालची नोंद: बॅटरीचं तापमान जास्त, आणि लगेच पुढची, बीबीयू (म्हणजे हीच बॅटरी) निकामी, राइटबॅकवरून राइटथ्रूवर (म्हणजे कॅश बंद) जात आहे. वेळ सकाळी ७.४२. माझी पायरी १.१२ ची. जुळेना. शनिवारची नोंद १.२२ ची, माझी ६.५२ ची. सव्वा तास मी या दोन घटना वेगळ्याच आहेत असं धरून डोकं फोडत बसलो.

चहा पिताना वजाबाकी केली. साडेपाच तास. दोन्हीकडे साडेपाच तास. कंट्रोलरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, भारताच्या साडेपाच तास मागे) आहे. आयुष्यभर भारतात संगणक चालवलेत आणि तरी.

आता सगळं बसतं. कॅश चालू असताना कंट्रोलर आपल्या मेमरीत घेऊन 'लिहिलं' म्हणतो, वीज गेली तर बॅटरी ती मेमरी जपते. बॅटरीचा भरवसा नाही म्हटल्यावर तो कॅश सोडतो आणि प्रत्येक लिखाण खरोखर प्लॅटरवर (डिस्कच्या फिरत्या तबकडीवर) जाईपर्यंत थांबतो. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एक फेरा ८.३ मिलिसेकंद. त्यात रेड ५: छोट्या लिखाणाआधी जुना डेटा आणि जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत काढायचा हिशेब) वाचायची, मग दोन्ही लिहायची. वर ईएक्सटी४ चं स्वतःचं जर्नल. अर्ध्याचे पन्नास असेच होतात.

आणि इंडेक्सच का? काहाडीबी इंडेक्सची बदललेली पानं हजारापर्यंत साठवून एकदम लिहितो, आधी रीडू फाइलमध्ये सलग आणि मग मूळ फाइलमध्ये जागोजागी. विखुरलेली हजार पानं, सेकंदाला शंभरेक या वेगाने: दहा सेकंद. ४ तारखेचे ८,९०० मिलिसेकंद हेच.

बॅटरी तापते का आणि काही दिवशीच का, ते उद्या.

२५ एप्रिल, गुरुवार

सर्व्हरची खोली हिशेब विभागाला लागून. दीड टनाचा एक एसी. शिपाई मामांना विचारलं, "मामा, संध्याकाळी एसी कोण बंद करतं?"

"मीच की. साहेबांनीच सांगितलंय मार्चात, आत कोण नसलं तर बंद करायचा. बिल लई यायलंय."

आणि आत कोण असतं? रात्रपाळीचे दोन ऑपरेटर. अण्णा आले की थेट सर्व्हरच्या खोलीत बसतात, गारव्याला. धाकटा बाहेर पायरीवर बसतो, कारण आत मोबाइलला रेंज नाही. अण्णांची पाळी असेल तर एसी रात्रभर चालू. धाकट्याची असेल तर सहाला बंद. मग पाऊणेक तासात बॅटरी तापते, रात्री तो जेवायला आत येतो, एसी लावतो आणि कॅश परत येते. पाळ्या ते आपसात बदलून घेतात, म्हणून वारांचा कुठलाच ठोकताळा जमत नव्हता. धाकट्याने एसी लावला नाही तरी पहाटेच्या हवेने खोली निवते, म्हणून सकाळी कधी त्रास नाही. मतदानाच्या दिवशी तर आदल्या रात्रीपासून कुणीच एसी लावला नव्हता आणि बाहेर पारा चाळिशीला टेकलेला.

हजेरीचं रजिस्टर मागवलं आणि खराब संध्याकाळी लाल पेनाने लावल्या. निर्यातीच्या वेळा सोडल्या तर एकूण एक जुळल्या. ५ एप्रिलला, माझ्या हीपच्या विजयदिनी, अण्णांची पाळी होती.

२६ एप्रिल, शुक्रवार

जुळलं म्हणून सोडलं नाही, मुद्दाम करून बघितलं. दुपारी १२ ला एसी बंद. १२.४७ ला कॅश गेली, सिंक ४९ मिलिसेकंदांवर. १ ला एसी चालू. १.३८ ला कॅश परत. मधल्या वेळेत 'करंट' ओळ डोळ्यांनी 'राइटथ्रू' बघितली. समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू.

बॅटरीची स्थिती वाचली: उत्पादन २०१४, क्षमता निम्म्याच्या खाली. नवी असती तर एवढ्या उकाड्याला टिकली असती का, सांगता येत नाही. दोन्ही करायचं ठरवलं: एसी आणि बॅटरी.

२९ एप्रिल, सोमवार

साहेबांपुढे मांडलं. एसी बंद न करण्याला त्यांचा आक्षेप वीजबिलाचा. ३७ पावत्यांची रात्र आठवण करून दिली, मग मान्य. मामांच्या हस्ते बटणावर चिकटपट्टी. धाकट्याला बोलणं बसणार होतं ते मी अडवलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बॅटरी येईपर्यंत 'बॅटरी खराब असली तरी राइटबॅक ठेवा' असा पर्याय कंट्रोलरमध्ये आहे. बोट त्यावर गेलं होतं. पण तो म्हणजे १२ एप्रिलचीच चूक वेगळ्या दारातून, आणि इथे फाइलसिस्टिमच बसण्याची भीती जास्त. घेतला नाही.

१० मे, शुक्रवार

पुण्याहून बॅटरी आली. कनेक्टर वेगळा. मागवताना मी कंट्रोलरचा मॉडेल क्रमांक दिला, बॅटरीवरचा भाग क्रमांक दिला नाही. परत पाठवली, ६०० रुपये कुरिअर पाण्यात.

१८ मे, शनिवार

बरोबरची बॅटरी आली, ७,४००. दुपारी १२ ला ब्रोकर बंद, सर्व्हर बंद, बॅटरी बदलली, पाऊण तासात चालू. बसवल्यावर चार्ज होईपर्यंत कॅश बंदच राहते. हे माहीत असतं तर सकाळचं संकलन उरकल्या उरकल्या बदलली असती. संध्याकाळचे पहिले दोन तास सगळं हळूच चाललं, आणि मला तेवढ्यात नवी बॅटरीही खराब निघाल्याचा घाम फुटला.

१९ मे, रविवार

एक गोष्ट राहिली होती. हा कंट्रोलर ठराविक दिवसांनी बॅटरी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरतो, तिची क्षमता मोजायला. त्याला लर्न सायकल म्हणतात, आणि तेवढा वेळ बॅटरी निरोगी असली तरी कॅश बंद. कंट्रोलरने ती आपल्या मनाने ऐन संध्याकाळी काढली तर पुन्हा सगळी शोधाशोध. आपोआप चालणारी बंद केली आणि आज सकाळी ९.४५ ला हाताने सुरू केली. ४.२० ला संपली, त्यातले सुमारे चार तास कॅश नव्हती. दोन संकलनांच्या मध्ये बसते. आता ती दर तीन महिन्यांनी याच वेळी.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) दर पाच मिनिटांनी 'करंट' ओळ तपासणारी स्क्रिप्ट टाकली. 'राइटथ्रू' दिसलं की मला आणि अण्णांना एसएमएस. डीडीची स्क्रिप्टही तशीच चालू ठेवली आहे.

१६ जून, रविवार

चार आठवडे झाले. स्लो अ‍ॅक्सेसच्या एकूण ओळी ११, त्यातल्या ९ बॅटरी चार्ज होत होती त्या १८ मेच्या संध्याकाळच्या. उरलेल्या दोन ८ जूनच्या, त्या दिवशी मीच एक मोठी फाइल कॉपी करत होतो. डेड लेटर रांगेत आता सात दिवसांची मुदत लावली आहे. हीप ४ जीबीच ठेवला, कमी करायला रीस्टार्ट लागेल. इंडेक्स कॅश पूर्ववत.

खर्च: बॅटरी ७,४००, वाया गेलेलं कुरिअर ६००. यूपीएसचे १४,२०० साहेबांनी वेगळ्या खात्यात टाकले. वेळ: माझे अंदाजे ७० तास, त्यातले २० एप्रिलच्या आधीचे पन्नासच्या वर. वीजबिल महिन्याला किती वाढतं ते अजून कळायचंय, मेचं बिल अजून हातात यायचंय.

काल धाकट्याने विचारलं, सर्व्हरच्या खोलीत वायफाय लावलं तर तो आतच बसेल. राउटर मागवला आहे.